जास्वंदीच्या फुलात बी कुठे तयार होतं?

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या गच्च्यांवर जास्वंदीची कुंडी सहज दिसते. फुलातला स्त्री-भाग, म्हणजे जायांग, पाहायला हे फूल सोयीचं. लागतात फक्त एक टाचणी, एक ब्लेड आणि जमल्यास भिंग.

आधी फूल निवडू. पाच पाकळ्यांचं एकेरी फूलच घ्यावं. गेंदेदार फुलात बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ होतो.

आता मधली लांब दांडी पाहा. ही सगळी दांडी स्त्री-भाग आहे, असं बहुतेकांना वाटतं. पण बाहेरची नळी पुंकेसरांची, म्हणजे नर-भागाची असते. तिच्यावरचे पिवळे ठिपके परागकोश. अगदी टोकाला पाच छोटे गोंडे दिसतात, त्या कुक्षी. पराग झेलण्याची जागा तीच.

टाचणीने नळी उभी, हलक्या हाताने चिरा. आत बारीक धागा सापडेल, तो कुक्षीवृंत. तो ओढू नका. तुटला की खालचा अंडाशय देठाकडेच राहतो आणि हाती नुसता धागा येतो.

तळाशी, हिरव्या निदलांच्या आत, छोटा फुगवटा असतो. तो अंडाशय. त्याला आडवा काप द्या: पाच कप्पे आणि त्यांत बारीक दाणे दिसतील. हे दाणे म्हणजे बीजांडं. काप नीट जमला नाही, तर जास्वंदीच्याच कुळातली भेंडी आडवी चिरून पाहा. भेंडी म्हणजे वाढलेला अंडाशयच.

यापुढचं डोळ्यांना दिसत नाही. कुक्षीवर पडलेल्या परागकणातून परागनलिका फुटते आणि कुक्षीवृंतातून बीजांडापर्यंत उतरते. बीजांडातल्या भ्रूणकोशात साधारणपणे सात पेशी असतात. त्यांतली एक अंडपेशी. परागनलिकेतून दोन नर-युग्मके येतात. एक अंडपेशीशी मिळून भ्रूण बनवतं, दुसरं मधल्या पेशीशी मिळून भ्रूणाचं अन्न, म्हणजे भ्रूणपोष, तयार करतं.

हमखास घोटाळा होतो तो इथे. अंडाशयाचं फळ होतं आणि बीजांडाचं बी. अंडपेशी त्या बीजांडाच्याही आत असते. तिन्ही एक समजू नयेत.

मग कुक्षी आणि कुक्षीवृंत यांच्यावाचून बी होईल का? दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी यांच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिलं गेलं. कुसुम कांता, एन. एस. रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी खसखशीच्या झाडाची बीजांडं अंडाशयातून काढून परीक्षानळीत पोषक माध्यमावर ठेवली आणि पराग थेट त्यांच्यावर टाकले. फलन झालं, बियाही तयार झाल्या. १९६२ साली हे काम 'नेचर' या नियतकालिकात आलं.

कुक्षी परका पराग अडवते, तेव्हा संकर घडवू पाहणाऱ्यांना या पद्धतीने एक वाट मिळाली.

जाता जाता एक सूचना: शोभेच्या जास्वंदीला फळ क्वचितच धरतं. तेव्हा पुढची पायरी पाहायची असेल, तर कुंडीत भेंडी लावा.