मध्यरात्रीची जाग: किती काळजी करावी?

बहादरपूरच्या परिसरात केळीला पाणी द्यायचे तर लाईन रात्री आली की रात्रीच उठावे लागते. शेजारच्या बऱ्हाणपुरात यंत्रमाग रात्रपाळीतही चालतात. कामासाठी उठण्याचे इथे कुणाला नवल नाही. पण काम नसताना तीनला डोळे उघडले, की माणूस घाबरतो.

पहिला गैरसमज असा, की चांगली झोप सलगच हवी. प्रत्यक्षात साधारण दीड तासाचे एक चक्र संपताना झोप पातळ होते आणि निरोगी माणूसही क्षणभर जागा होतो. सकाळी त्याला ते आठवत नाही, इतकेच. वयाबरोबर ही जाग वाढते.

तीनच्या सुमारालाच का? दहा-अकराला झोपलेल्याची गाढ झोप तोवर बरीचशी झालेली असते. त्यात अशुभ काही नाही.

सलग झोपेच्या समजाच्या उलट टोकाचाही एक समज अलीकडे पसरला आहे: पूर्वी लोक दोन टप्प्यांत झोपत, म्हणून तेच नैसर्गिक. इतिहासकार रॉजर एकर्क यांनी 2001 मध्ये औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या युरोपातील अशा झोपेचे पुरावे मांडले, हे खरे. मात्र 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातील विजेविना राहणारे लोक बहुतेक रात्री एकाच टप्प्यात झोपताना आढळले. म्हणजे सगळ्या माणसांना लागू पडेल असा एकच साचा नाही.

त्रास खरा वाढतो तो घड्याळ पाहून उरलेले तास मोजण्याने. झोप येईपर्यंत अंथरुणात तळमळत पडणे हा उपाय नव्हेच. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही असे वाटले तर उठावे, मंद उजेडात शांत बसावे आणि पेंग आल्यावरच परतावे. मोबाईल दूर ठेवावा. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री तीच मोडते.

जोरात घोरताना श्वास अडकणे, लघवीसाठी वारंवार उठणे ही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. त्यामागे स्लीप अॅप्निया, मधुमेह किंवा प्रोस्टेटचा विकार असू शकतो. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोपमोड होऊन दिवसाची कामे बिघडत असतील तर तो निद्रानाश. त्यावर गोळ्यांआधी वर्तनोपचार करावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये सांगितले आहे. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका. चिंतेने झोप उडत असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. ती मोफत आहे आणि रात्रीही सुरू असते.