सिकलसेल: एका अक्षराचे उत्परिवर्तन

जनुकातल्या घटकांच्या क्रमात अचानक होणाऱ्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ही संकल्पना थोडक्यात येते आणि उदाहरण दिलेले असते सिकलसेल ॲनिमियाचे. विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या वर्गात हा आजार पुस्तकापुरता नसतो. तिथल्या अनेक घरांत तो आहे. म्हणूनच तो नीट उलगडून शिकवायला हवा.

हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची असते. तिची माहिती अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असते. त्यात एके ठिकाणी ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ झाले, की साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. बदल एवढाच. पण असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. एरवी सुमारे 120 दिवस टिकणारी पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले, ते पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले.

सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आले तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्याला आजारी मानणे चूकच. आईवडील दोघेही वाहक असतील तर मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. चारांपैकी एक मूल आजारी, म्हणजे पहिले आजारी निघाले की उरलेली तीन सुरक्षित, असे मुळीच नाही. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता पुन्हा तेवढीच असते. लग्नाआधीच्या रक्ततपासणीचे महत्त्व त्यातच आहे.

इतके घातक जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? वाहकांना तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडले. मलेरियाच्या प्रदेशांत वाहक अधिक जगले आणि जनुकही पुढे गेले.

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी वेदनेचे झटके कमी होतात. 2023 मध्ये ब्रिटन व अमेरिकेत जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. तो बदललेले अक्षर दुरुस्त करत नाही. जन्मानंतर जवळपास थांबलेली गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनची निर्मिती पुन्हा सुरू करतो.