रानटी स्ट्रॉबेरीत अँटिऑक्सिडंट जास्त. मग लगेच संकर करायचा का?

‘रानटी फळात अँटिऑक्सिडंट जास्त असतात’ हे वाक्य तुम्हाला शोधनिबंधांत वारंवार भेटेल. स्ट्रॉबेरीत ते बऱ्याचदा खरंही ठरतं. पण नव्या वाणासाठी रानटी रोप निवडायचं, तर एवढ्यावर भागत नाही. आधी तीन प्रश्न विचारा.

१. तुलना कशाची?
रानटी फळ अगदी लहान असतं. स्ट्रॉबेरीवरचे दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो, ते वजनाने फळाच्या जेमतेम १ टक्का. पण एकूण फिनॉलिक संयुगांचा साधारण दहावा भाग त्यांच्यात असतो. फळ लहान, म्हणजे दर ग्रॅममागे दाणे आणि साल जास्त. मग वाढलेला आकडा जनुकांमुळे आला की नुसत्या आकारामुळे? शिवाय दोन्ही फळं एकाच शेतात वाढलेली, सारखी पिकलेली होती का, तेही बघा.

२. मोजलं काय?
फोलिन-सिओकाल्टो चाचणीत ‘एकूण फिनॉल’ मोजतात खरे, पण तिला क जीवनसत्त्वही प्रतिसाद देतं. डीपीपीएच, फ्रॅप या चाचण्या परीक्षानळीतली अभिक्रिया दाखवतात, शरीरातला परिणाम नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅक आकड्यांचा तक्ता २०१२ मध्ये काढून टाकला, तो याच कारणाने. म्हणून अँथोसायनिन, एलॅजिक आम्ल, क जीवनसत्त्व एचपीएलसीवर वेगवेगळे मोजा.

३. संकर जमेल का?
युरोपातल्या रानात मिळणाऱ्या फ्रॅगारिया वेस्काची गुणसूत्रं १४, लागवडीच्या स्ट्रॉबेरीची ५६. यांची संतती बहुतेक वांझ निघते. उत्तर अमेरिकेतल्या फ्रॅगारिया व्हर्जिनियानाची मात्र ५६च आहेत. ती तर लागवडीच्या स्ट्रॉबेरीची एक जनकच! अठराव्या शतकात युरोपात तिचा चिलीहून आलेल्या फ्रॅगारिया चिलोएन्सिसशी संकर झाला आणि आजची स्ट्रॉबेरी जन्मली. इटलीत अँकोनाच्या पैदासकारांनी व्हर्जिनियानाचीच ग्लॉका ही उपजात वापरली, त्यामागचं गणित यावरून कळेल.

अशा संकराची पहिली पिढी रानटी गुण घेऊन येते, त्यात बारीक फळही आलंच. म्हणून संततीचा लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करतात. यालाच बॅकक्रॉस म्हणतात. खरी परीक्षा इथे होते. प्रत्येक पिढीत फळाचं वजन आणि संयुगं, दोन्ही मोजा. फळ मोठं होताना प्रमाण त्याच वेगाने घसरलं, तर आपण लहानपणाच्याच मागे धावत होतो. फळ मोठं होऊनही ते टिकलं, तर जनुकांचा वाटा आहे असं म्हणायला आधार मिळतो.

सिनॉप्सिसमध्ये ‘रानटी वाणांत जास्त’ असं लिहिण्याआधी ‘कशाच्या तुलनेत, कोणत्या चाचणीने’ हे जोडा. पेटनंतरच्या मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तिथेच येईल.