कारवीच्या बियांना वणव्याची धास्ती

नावडे रोड स्थानकातून पूर्वेकडे पाहिलं, की चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद, पेब अशी थेट माथेरानला जाऊन भिडणारी डोंगररांग दिसते. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कोसळतो, पण पुढचे आठ महिने जवळपास कोरडेच. त्या आठ महिन्यांत कुठलं झाड कुठे तग धरणार, हे मुख्यतः मातीची जाडी ठरवते.

पायथ्याच्या खोल मातीत साग आणि ऐन. माथेरानच्या सपाट माथ्यावर माती टिकली, म्हणून तिथे अंजनी-जांभळाचं सदाहरित, गर्द रान. मधल्या कातळाच्या धारेवर मात्र पांढऱ्या खोडाचा कांडोळ फटीत मुळं रोवून उभा असतो. हिवाळ्यात तो पानं टाकून देतो. त्याच्या सालीचे पातळ पापुद्रे निघतात आणि लाल फळांवरची लव हाताला लागली तर चांगलीच खाजते.

उतार मात्र कारवीचे.

डोक्याच्या वर जाणाऱ्या या झुडपाच्या काठ्यांचे कुड विणून, वर शेणमातीचा लेप देऊन ठाकर-कातकऱ्यांची घरं उभी राहिली. कारवी वर्षानुवर्षं नुसती वाढते, मग अख्खा उतार एकदम जांभळा होतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. डोंगरागणिक हे वर्ष बदलतं. एकदाच फुलून झुडूप मरतं. बिया मात्र लगेच पडत नाहीत. वाळक्या बोंडांत त्या उन्हाळा काढतात आणि पहिल्या पावसात बोंडं भिजली, की तडतड फुटून बी उडतं.

म्हणजे फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या उताराची पुढची सगळी पिढी वाळक्या काड्यांवर लटकलेली असते. तेव्हाच वणवा लागला तर?

काही झाडांना आगीचा उपयोगच होतो. अमेरिकेतल्या अपलाचियन डोंगरांच्या कोरड्या धारांवर टेबल माउंटन पाइन वाढतो. त्याचे राळेने बंद झालेले शंकू आगीच्या धगीने उघडतात; आग त्याच्या बियांना वाट करून देते. कारवीच्या बोंडाला मात्र हवं असतं पाणी. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसांनीच लावलेले असतात. त्यात बी जळलं, तर उघड्या उतारावरची माती पहिल्याच मुसळधार पावसात वाहून जाते, आणि इथे तर आधीच माती थोडी.

कारवी कुठे फुलली हे पावसाळ्यातच दिसतं, त्यामुळे तयारीला पुरेसा वेळ मिळतो. फुलोऱ्यानंतरच्या हिवाळ्यात आग अडवणाऱ्या जाळरेषा आधी याच उतारांभोवती काढायला हव्यात.