विकी-पानाचा नमुना व अनेक वर्ग

विकी हा अनेकांनी मिळून लिहावयाचा संगणकीय ज्ञानसंग्रह होय. त्यात 'वर्ग' म्हणजे इयत्ता नव्हे, तर एका जातीच्या पानांचा गट. एका पानास असे अनेक वर्ग लागू शकतात. 1664 मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग जलदुर्गांत मोडतो, तसाच शिवकालीन बांधकामांतही. नमुन्यात वर्गासाठी एकच मोकळी चौकट ठेविली, की एक विद्यार्थी 'जलदुर्ग' लिहितो, दुसरा 'जलदूर्ग'. विकी हे दोन निराळे वर्ग समजते; दुसऱ्याचे पान वर्गाच्या यादीत येत नाही, आणि त्याची मेहनत कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

म्हणून मीडियाविकीच्या 'पेज फॉर्म्स' या जोडसाधनाने नमुना आखताना वर्गांची ठरलेली यादी द्यावी व प्रत्येक नावापुढे खुणेची चौकट ठेवावी. निवडलेली नावे सामान्यतः स्वल्पविरामाने जोडून साच्याकडे जातात. साच्यात तशी सूचना लिहिली असल्यास ती पुन्हा सुटी होऊन प्रत्येक वर्ग पानास लागतो. यास्तव वर्गाच्या नावातच स्वल्पविराम नसावा, नाहीतर नावाचेच दोन तुकडे होतात. जिल्हा एकच असतो. तेथे एकच निवड पुरे. प्रकार व काळ यांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण पन्नास नावांची लांब यादी मूल वाचीतच नाही. नवा वर्ग वाढविण्याचे काम मात्र एकाच शिक्षकाकडे असावे.