मानेत गाठ नसताना मानेची शस्त्रक्रिया कशासाठी?



घोडेगावच्या कांदा बाजारात तळहातावर तंबाखू-चुना मळणारी माणसे शोधावी लागत नाहीत. घरांत मशेरी लावणाऱ्या स्त्रियाही आहेत. गालात न भरणारी जखम, बायोप्सी आणि मग ‘कर्करोग’ हा शब्द, हा क्रम अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. अशा घरी भेटीला गेलो की एक प्रश्न हमखास कानी पडतो : “फादर, जखम तोंडात आहे, मानेत गाठही लागत नाही, मग डॉक्टर मान कशाला उघडतात?”

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जगभरातील शल्यविशारद सुमारे पन्नास वर्षे याच मुद्द्यावर वाद घालत होते. तोंडाचा कर्करोग प्रथम पसरतो तो मानेतील लसिकाग्रंथींत, आणि काही रुग्णांत तो तेथे बोटांना लागणार नाही इतक्या सूक्ष्म रूपात आधीच पोहोचलेला असतो. म्हणून ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात, असे एका पक्षाचे मत होते. उलटपक्षी, अनेकांच्या ग्रंथी निरोगी निघतात. त्यांना खांद्याच्या दुखण्याचा भार विनाकारण का द्यावा, गाठ दिसली तर तेव्हा पाहू, असे दुसरा पक्ष म्हणे. दोन्ही बाजूंना अनुभवी डॉक्टर होते. अनुभवाने वाद मिटत नव्हता.

तो मिटवण्याचे कार्य मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णांचे दोन गट केले. तोंडातील गाठ सर्वांचीच काढली. एका गटात मानेच्या ग्रंथी त्याच वेळी काढल्या. दुसऱ्या गटात नियमित तपासणी करून, रोग मानेत दिसल्यावर काढल्या. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांनी नव्हे, तर चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ठरवले गेले. कारण डॉक्टरने निवड केली तर नकळत धडधाकट रुग्ण एका बाजूस जातात आणि निष्कर्ष फसवा ठरतो.

माणसाच्या जिवाची चिठ्ठी टाकणे योग्य का, असा विचार मनात येईल. माझ्याही आला. परंतु कोणता मार्ग श्रेयस्कर हे खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते. न तपासलेल्या मतावर वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करीत राहणे, हीदेखील एक चिठ्ठीच होती. फक्त तिची नोंद कोणी ठेवत नव्हते.

पहिल्या 500 रुग्णांच्या माहितीतच उत्तर स्पष्ट झाले, आणि चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीच्या शिफारशीवरून नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील 80 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील 67.5 टक्के. म्हणजे आधीच ग्रंथी काढलेल्या दर आठ रुग्णांमागे एक मृत्यू टळला. शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम पहिल्या गटात अधिक होते, 3.6 टक्क्यांच्या जागी 6.6 टक्के, ही किंमतही लपवलेली नाही. हे संशोधन 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

वाट पाहण्याचा मार्ग का फसला? नियमित तपासणी असूनही मानेतील रोग दिसेपर्यंत तो बहुधा पुढे गेलेला असे. आपल्या भागात तर, कांदा काढणीच्या दिवसांत मुंबईची फेरी कितीजण वेळेवर करतील?

हा निष्कर्ष तोंडाच्या प्रारंभीच्या कर्करोगापुरताच आहे; घशाच्या किंवा पुढे गेलेल्या रोगाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. त्यानंतर फ्रान्स व जपानमधील चाचण्यांत, रोग प्रथम ज्या ग्रंथींत पोहोचतो तेवढ्याच काढून तपासणे आणि त्या निरोगी निघाल्यास बाकीच्या राखणे, हा मार्गही तितकाच सुरक्षित आढळला. मात्र त्यासाठी विशेष साधने व प्रशिक्षित हात लागतात. तेव्हा डॉक्टरांना अवश्य विचारावे : रोग कोणत्या अवस्थेत आहे, ग्रंथी सर्व काढणार की काही, आणि खांद्याचे व्यायाम कोणत्या दिवसापासून सुरू करायचे.