नातवाचा संगणक : प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचा ताळेबंद

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या शाखेत पहिले लेजर पोस्टिंग मशीन आले, तेव्हा त्यासाठी काचेची स्वतंत्र खोली बांधण्यात आली होती. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांमध्ये यांत्रिकीकरणाचे जे वारे वाहू लागले, त्याचाच तो भाग होता. त्या खोलीत पादत्राणे बाहेर काढून जावे लागे. आतमध्ये नेमके काय चालते, हे आम्हा कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक असण्याची आवश्यकताही कोणाला वाटली नाही. चाळीस वर्षांनंतर, निवृत्तीच्या काळात, त्याच प्रश्नाचे उत्तर मला दहावीची परीक्षा दिलेल्या नातवाच्या शेजारी बसून शोधावे लागेल, अशी कल्पना मी केली नव्हती.

नातवाला गेमिंगसाठी संगणक हवा होता. वस्तुतः तो त्याचा दुसरा संगणक; पहिल्याचा दोष सर्वस्वी माझा. २०२२ मध्ये मी एका दुकानातून एकवीस हजार रुपयांना तयार ‘गेमिंग पीसी’ आणला होता. काचेचे कॅबिनेट, रंगीत दिवे लावलेले पंखे आणि वर ठळक अक्षरांत ‘आय-सेव्हन’. आय-थ्रीपेक्षा आय-फाईव्ह मोठा, त्यापेक्षा आय-सेव्हन मोठा, एवढ्या भांडवलावर मी व्यवहार केला. आत निघाला तो आय७-३७७०, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. आणि त्याला आधार देणारा, नावही कधी न ऐकलेल्या कंपनीचा एच६१ मदरबोर्ड. बिलावर ‘संगणक संच, नग १’ एवढाच उल्लेख. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तो यंत्रमानव अर्ध्या तासात मूर्च्छित होत असे. पुढे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, हे कळले. त्या प्रणालीस इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. विंडोज १० चा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केले होते. ज्याने आयुष्यभर इतरांच्या तारणाची तपासणी केली, त्याने स्वतःच्या घरात तारण न पाहता कर्ज मंजूर केले, असाच तो प्रकार.

म्हणून या वेळी घाई करायची नाही असे ठरले. एकूण तरतूद बासष्ट हजार रुपयांची, मॉनिटर धरून. कीबोर्ड आणि माऊस जुनेच.

येथे एक प्रसंग नोंदवला पाहिजे, कारण पुढील सर्व निवड त्यावर अवलंबून होती. माझ्या मुलाचा इतवारीत ठोक व्यवसाय आहे. त्याने सहज सुचवले, “बाबा, बिल पेढीच्या नावावर घेऊ.” हिशेब सरळ होता. बासष्ट हजारांत अठरा टक्के दराने जीएसटी ९,४५८ रुपये. त्याचे इनपुट क्रेडिट घ्यायचे. उरलेल्या ५२,५४२ रुपयांवर संगणकाला लागू असलेला चाळीस टक्के घसारा लावायचा, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे एकवीस हजारांचा खर्च आणि तीस टक्के दराने त्यावरील आयकरात सहा हजारांवर बचत. एकंदर पंधरा हजार सातशेच्या घरात लाभ. एवढ्या रकमेत ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचे येते, हे नातवाने तात्काळ ताडले. नंतर त्याने विचारले, “पण आजोबा, तो दुकानात ठेवायचा का मग?”

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. मुलाला हे माहीत नव्हते असे नाही. बाजारात सगळेच करतात, एवढेच त्याचे म्हणणे. मी मात्र तपासणी अधिकारी असताना स्टॉक स्टेटमेंटमध्ये घरचे फ्रीज आणि टीव्ही शोधून काढलेले आहेत. ज्या मुलाला हा संगणक वापरायचा आहे, त्याच्या देखत त्याचे पहिले बिल असे व्हावे, हे मला पटेना. थोडी तणातणी झाली. दोन दिवस मुलगा माझ्याशी कामापुरतेच बोलला. अखेर बिल वैयक्तिक नावावर घ्यायचे ठरले आणि बासष्ट हजार हे खरोखरच बासष्ट हजार राहिले. काटकसर करायची ती प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्या निवडीतच.

आता मूळ विषय. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचे नाते मला पेढीच्या उदाहरणाने समजले. खेळात कोण कोठे उभा आहे, गोळी कोठे लागली, भिंत कोसळली तर दगड कोठे पडतील, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि ‘आता हे चित्र काढ’ अशी चिठ्ठी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. प्रोसेसर हा मुनीम; ग्राफिक्स कार्ड म्हणजे गोदामातील हमालांची टोळी. मुनीम संथ असेल तर दहा हमाल चिठ्ठीची वाट पाहत बसून राहतात. हमाल दोनच असतील तर चपळातला चपळ मुनीमही जांभया देतो. पडद्यावरील चित्र जितके सूक्ष्म, तितके ओझे हमालांवर अधिक. उलट व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत, जेथे सेकंदाला दीडशे-दोनशे चित्रे हवी असतात, तेथे मुनिमाची कसोटी लागते. म्हणून ‘उत्तम प्रोसेसर कोणता’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कार्डाबरोबर, कोणत्या पडद्यावर आणि कोणत्या खेळासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सीताबर्डीच्या बाजारात आम्ही तीन दुकाने पाहिली, शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे भाव एका नातेवाइकाकडून मागवले. भाड्याचा आणि वॉरंटीसाठी पुन्हा पाठवण्याचा खर्च धरता मुंबईचा फायदा जवळजवळ संपतो. तीन पर्याय समोर आले.

पहिला, एएमडीचा एएम५ सॉकेट. तो २०२२ मध्ये आला. त्यावर केवळ डीडीआर५ रॅम चालते. आणि या सॉकेटला २०२७ पर्यंत व त्यापुढेही आधार देण्याचे कंपनीचे जाहीर धोरण आहे. राइझेन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड आणि सोळा जीबी रॅम मिळून आम्हाला भाव मिळाला ३२,५०० रुपये. दुसरा, त्याच कंपनीचा जुना एएम४ सॉकेट : २०२२ चा राइझेन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम, मिळून २०,७००. तिसरा, इंटेलचा आय५-१२४००एफ. सहा कोअर, बारा थ्रेड, खेळांत ५६०० च्या बरोबरीने चालणारा. भावही जवळपास तोच. मात्र त्या भावात दुकानदार एच६१० बोर्ड देत होता, ज्यात रॅमचे दोनच खाचे असतात आणि विस्ताराला वाव कमी. बी७६० बोर्ड मागितला की हिशेब वर सरकत होता. त्यातही बी७६० बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे मिळतात. नाव पुष्कळदा सारखेच, शेवटच्या अक्षरांत फरक. रॅम एक आणि बोर्ड दुसरा असे घरी आणले की दोन्ही निरुपयोगी.

नातवाचा ओढा अर्थातच एएम५ कडे. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते : तीन-चार वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून नवा वेग मिळेल, बोर्ड तोच राहील. मी पेन घेतले. फरक ११,८०० रुपयांचा. सात टक्क्यांनी मुदत ठेवीत चार वर्षे ठेवले तर साडेपंधरा हजारांच्या घरात जातात, तेव्हाच्या तेव्हा काय ते घेता येईल. यावर त्याने जे उत्तर दिले ते माझ्या हिशेबापेक्षा अधिक व्यवहार्य होते. “आजोबा, ठेवीचं सोडा, हे अकरा हजार आठशे कुठून काढायचे? ग्राफिक्स कार्डातूनच ना? मग मुनीम नवा आणि हमालच नाहीत.” बासष्ट हजारांत साडेवीस हजारांचे रेडिऑन आरएक्स ६६०० बसत होते, त्यातून अकरा-बारा हजार कमी केले तर नाव घेण्याजोगे नवे कार्ड उरतच नव्हते. एएम४ वर शिक्कामोर्तब झाले. त्याच बोर्डवर पुढे आठ कोअरचा ५७००एक्स बसवता येतो, एवढी वाट मोकळी आहे. ज्यांची तरतूद नव्वद हजारांच्या पुढे आहे त्यांनी मात्र एएम५ च घ्यावा. तेथे माझा हिशेब लागू पडत नाही.

मदरबोर्डकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि फसगत बहुधा तेथेच होते. एका दुकानदाराने बी५५० ऐवजी दोन हजारांनी स्वस्त बी४५० पुढे केला : “फरक काहीच नाही, साहेब.” नातवाने माहिती काढली होती. आरएक्स ६६०० हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या सोळाऐवजी आठच मार्गिका वापरते. बी५५० वर त्या चौथ्या आवृत्तीच्या वेगाने चालतात, बी४५० वर तिसऱ्या, म्हणजे निम्म्या क्षमतेने. नुकसान सर्वच खेळांत जाणवत नाही, पण दोन हजार वाचवून साडेवीस हजारांच्या वस्तूचा रस्ता अरुंद करण्यात शहाणपण नव्हते. शिवाय बी४५० हा २०१८ चा चिपसेट; जुना माल असेल तर ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखण्यासाठी त्याचा बायोस आधी अद्ययावत करावा लागतो. खोक्यावर तशी तयारी असल्याची पट्टी आहे की नाही, ते पाहून घ्यावे.

बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारा जो भाग असतो, त्याला व्हीआरएम म्हणतात. त्यावर धातूची जाड पट्टी बसवलेली आहे का, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. अत्यंत स्वस्त बोर्डांवर ती नसते. थंड प्रदेशात ते खपून जाईल, नागपुरात नाही. मे २०२४ च्या अखेरीस येथील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली; पुढे ते संवेदकाच्या बिघाडामुळे असल्याचे हवामान खात्याने सांगितले. पण बिघाड न झालेले यंत्रही येथे पंचेचाळीस दाखवतेच. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही जवळजवळ तितकेच वाढते, कारण पंखा शेवटी खोलीतलीच हवा त्यावर फेकतो. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. ती गाठली की तो स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर आमच्याकडे केवळ स्वस्त नव्हे, तर योग्यही ठरतो. वीजबिलाचा फरक त्या मानाने किरकोळ : साठ वॅट जास्त, रोज तीन तास, महिन्याला साडेपाच युनिटदेखील होत नाहीत. खरा खर्च मोठ्या कूलरचा आणि मोठ्या एसएमपीएसचा असतो. संगणक एअर कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, हेही सांगतो. गारवा मिळतो, पण ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात.

आणखी दोन गोष्टी. नावात ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आणि ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. कार्ड बिघडले की पडदा काळा. आणि बाजारात ‘ट्रे’ प्रोसेसर म्हणून विनाखोक्याचा माल हजार-दीड हजाराने स्वस्त मिळतो. खोक्यातल्या प्रोसेसरला उत्पादकाची तीन वर्षांची हमी असते. ट्रेच्या मालाला दुकानदार देईल तीच. आम्ही खोकेच घेतले, आणि बिलावर प्रत्येक सुट्या भागाचे नाव, मॉडेल व अनुक्रमांक लिहून घेतले. दुकानातील मुलगा थोडा वैतागला, पण त्याने लिहून दिले.

अंतिम जमाखर्च असा झाला : प्रोसेसर ९,०००, मदरबोर्ड ८,५००, रॅम ३,२००, ग्राफिक्स कार्ड २०,५००, एक टीबीची एसएसडी ५,०००, एसएमपीएस ४,०००, कॅबिनेट ३,३००, मॉनिटर ८,५००. हे भाव २०२५ च्या मे महिन्यातले आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी मागणी वाढल्याने रॅमचे भाव भडकले, तेव्हा आज खरेदी करणाऱ्याने ही बेरीज नव्याने मांडावी. घरात डीडीआर४ ची चांगली रॅम पडून असेल तर ती भंगारात देऊ नये.

जोडणी नातवाने स्वतः केली. मी टॉर्च धरली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवून तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. या जातीच्या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात आणि एखादी वाकली तरी नऊ हजार पाण्यात. त्या पाच मिनिटांत घरातले कोणीही बोलले नाही. पुढच्याच आठवड्यात, बाहेर चव्वेचाळीस अंश असताना, त्याने दुपारी तासभर खेळून प्रोसेसरचे तापमान मला दाखवले : अठ्ठ्याहत्तर.

दिवाळीनंतर मुलाने पेढीतला टॅलीचा संगणक बदलायला काढला. कोणता प्रोसेसर घ्यावा, हे त्याने मला नव्हे, आपल्या मुलाला विचारले. “आय३-१२१००, एच६१० बोर्ड. ‘एफ’वाला नको बाबा, तिथे ग्राफिक्स कार्ड लागत नाही.” ते बिल पेढीच्या नावावर झाले आणि त्याचे क्रेडिट रीतसर घेतले गेले.